बार्सिलोनाची ‘ला मासिया’: एका युवा अकादमीची जडणघडण

व्यावसायिक फुटबॉल क्लबला चांगले खेळाडू दोनच वाटांनी मिळतात. एक तर ते दुसऱ्या क्लबकडून विकत घ्यायचे, नाहीतर सात-आठ वर्षांची मुले हेरून त्यांना दहा-बारा वर्षे शिकवायचे आणि आपल्याच मुख्य संघात उतरवायचे. या दुसऱ्या वाटेसाठी क्लब जी व्यवस्था उभी करतो ती युवा अकादमी. मैदाने, प्रशिक्षक, वसतिगृह, शाळेची सोय, वैद्यकीय देखरेख असे सगळे तिच्यात येते. तरीही हे सगळे असलेल्या कित्येक अकादम्यांमधून वर्षानुवर्षे एकही मुलगा मुख्य संघात टिकत नाही. असे का होते आणि कुठे होत नाही, हे समजून घ्यायला स्पेनमधील एफसी बार्सिलोनाच्या ‘ला मासिया’इतके बोलके उदाहरण सापडणे कठीण. भरभराट, पडझड आणि पुन्हा उभारी असे तिन्ही काळ या अकादमीने पाहिले आणि प्रत्येक वेळी मुख्य कारण एकच होते: मुख्य संघाचे दार खालच्या मुलांसाठी उघडे होते की बंद.

या अकादमीची मुळे ॲमस्टरडॅमपर्यंत जातात. तिथल्या आयाक्स क्लबमध्ये जॅक रेनॉल्ड्स हे इंग्लिश प्रशिक्षक १९१५ मध्ये आले आणि मधून मधून खंड पडत १९४७ पर्यंत राहिले. मुख्य संघ आणि कुमारांचे संघ एकाच पद्धतीने खेळले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या हाताखाली खेळलेले रिनुस मिखेल्स पुढे आयाक्सचे प्रशिक्षक झाले, आणि दहाव्या वर्षी आयाक्सच्या कुमार संघात आलेला योहान क्रायफ त्यांच्या संघाचा प्राण ठरला. मिखेल्स १९७१ मध्ये बार्सिलोनाला आले, क्रायफ १९७३ मध्ये. मुले घडवण्याची आयाक्सची रीत त्यांच्याबरोबर स्पेनमध्ये पोहोचली.

जमीन मात्र अगदीच कोरी नव्हती. सत्तरच्या दशकात बार्सिलोनाच्या कुमार संघांची जबाबदारी लाउरेआनो रुईझ यांच्याकडे होती. १.८० मीटरपेक्षा कमी उंचीचा मुलगा आणणाऱ्याने आल्या पावली परत जावे, अशा अर्थाची पाटी त्या वेळी क्लबच्या कार्यालयात लावलेली होती आणि रुईझ यांनी ती उतरवली, असे सांगितले जाते. उंचीपुरी, धिप्पाड मुले निवडण्याकडे तेव्हा बहुतेक क्लबांचा कल होता. रुईझ यांना चेंडू पायात ठेवू शकणारी आणि विचार करून खेळणारी मुले हवी होती. सगळ्या वयोगटांना सारखा सराव देण्याचा प्रयत्न बार्सिलोनात त्यांनीच आधी केला, आणि ‘रोंदो’ हा सरावाचा प्रकार क्लबमध्ये रुजवण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

रोंदो पाहायला सोपा वाटतो. पाच-सहा मुले छोटे रिंगण करून उभी राहतात. मध्ये एक किंवा दोघे. रिंगणातल्यांनी चेंडू एकमेकांकडे द्यायचा, शक्यतो एकाच स्पर्शात. मधल्याने तो अडवायचा. ज्याचा पास अडतो तो मध्ये जातो. रिंगण लहान असल्यामुळे विचार करायला वेळच मिळत नाही, म्हणून चेंडू यायच्या आधीच मान वळवून कोण कुठे आहे ते पाहून ठेवावे लागते. अंग अर्धवट वळवून उभे राहिले तर दोन्ही बाजूंना पास देता येतो, सरळ उभे राहिले तर एकाच. चेंडू सोबत्याच्या कोणत्या पायावर द्यायचा, यावर त्याचा पुढचा पास अवलंबून असतो. आठ वर्षांचा मुलगा या गोष्टी फळ्यावर शिकू शकत नाही. रिंगणात रोज हजारदा चेंडू येऊन गेला की त्या अंगवळणी पडतात. शावी, इनिएस्टा, बुस्केट्स या मधल्या फळीतल्या खेळाडूंच्या खेळात जगाला जे अद्भुत वाटले, त्याचा मोठा भाग याच सरावातून आलेला आहे.

‘ला मासिया’ हे नाव ज्या इमारतीवरून पडले, ते १७०२ मध्ये बांधलेले दगडी शेतघर. काम्प नोउ हे क्लबचे भव्य स्टेडियम १९५७ मध्ये खुले झाले. त्याचे बांधकाम चालू असताना शेजारच्या या घरात वास्तुविशारदांचे काम चाले. १९६६ पासून तिथे क्लबचे कार्यालय होते. जागा अपुरी पडू लागल्यावर कार्यालय हलले, आणि अध्यक्ष जुझेप युईस नून्येस यांच्या कारकिर्दीत, २० ऑक्टोबर १९७९ रोजी, ते घर बाहेरगावच्या मुलांचे वसतिगृह झाले. तोवर दूरच्या गावातला हुशार मुलगा क्लबला हवा असला तरी त्याला ठेवायचे कुठे हा प्रश्न असे. वसतिगृहामुळे क्लबची नजर कॅटलोनियाबाहेर, पुढे देशाबाहेरही जाऊ शकली. अकादमीतली सगळीच मुले तिथे राहत नाहीत; शहरातली आणि आसपासची मुले घरून येतात-जातात. पण नाव सगळ्या अकादमीला चिकटले ते त्या घराचेच.

वसतिगृहातला दिवस शाळेभोवती आखलेला असे. सकाळी बसने शाळेत, दुपारी परत येऊन जेवण, मग अभ्यास आणि शिकवणी, संध्याकाळी साधारण दीड तास सराव. दीड तास हा आकडा अनेकांना कमी वाटतो. पण त्या वेळातला बहुतेक भाग चेंडूसह घालवला जाई. नुसते धावणे, वजने उचलणे याला लहान वयोगटांत फारसे स्थान नव्हते. शाळेत मागे पडणाऱ्या मुलाकडे काणाडोळा न करण्याची शिस्त इथे सुरुवातीपासून आहे, आणि वसतिगृहात येणाऱ्यांपैकी फार थोडे मुख्य संघापर्यंत पोहोचणार हे माहीत असलेल्या क्लबने तेवढे तरी करायलाच हवे.

खेळाडू हेरण्याच्या कामात ओरिओल तोर्त यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. पगारी अधिकाऱ्याच्या थाटापेक्षा छंदिष्टाच्या चिकाटीने ते गावोगावच्या मैदानांवर मुलांचे सामने पाहत फिरत. सांतपेदोर या छोट्या गावातला पेप गार्दिओला १९८४ मध्ये तेराव्या वर्षी वसतिगृहात आला. फुएन्तेअल्बिया या अल्बासेते प्रांतातल्या गावचा आंद्रेस इनिएस्टा १९९६ मध्ये बाराव्या वर्षी आला. सुरुवातीच्या दिवसांत आईवडिलांच्या आठवणीने आपण रडत असू, हे त्याने पुढे अनेकदा सांगितले. लिओनेल मेस्सी २००० मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओहून आला तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याच्या शरीराची वाढ खुंटली होती आणि उपचारांचा खर्च मोठा होता. क्लबचे पदाधिकारी निर्णय लांबवत होते, तेव्हा क्लबच्याच चार्ली रेशाक यांनी १४ डिसेंबर २००० रोजी एका कागदी रुमालावर कराराचे चार शब्द लिहून दिले. तिघेही चणीने लहान किंवा अंगाने किरकोळ होते. पाटी लावणाऱ्या जुन्या बार्सिलोनाने यांतल्या एकालाही दारात उभे केले नसते.

मुले हेरली, ठेवली, शिकवली. तरी वर घेणारा कोणी लागतो. तो १९८८ मध्ये आला. क्रायफ मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले आणि मुख्य संघ ज्या रचनेत खेळेल त्याच रचनेत सगळ्या वयोगटांनी खेळावे, असे त्यांनी ठरवले. त्यामुळे वर जाणाऱ्या मुलाला मैदानावरची आपली जागा नव्याने शिकावी लागत नसे. सडपातळ, संथ वाटणाऱ्या गार्दिओलाला त्यांनी डिसेंबर १९९० मध्ये मुख्य संघात उतरवले आणि बचावफळीपुढच्या मोक्याच्या जागी उभे केले. १९९२ मध्ये वेम्ब्लीवर बार्सिलोनाने पहिल्यांदा युरोपियन चषक जिंकला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. क्रायफ १९९६ मध्ये क्लबमधून गेले. पुढे प्रशिक्षक झालेले लुई व्हान गाल यांच्यावर डच खेळाडूंची भरती केल्याची टीका झाली. त्या टीकेत तथ्य असले तरी शावी (१९९८), पुयोल (१९९९) आणि दुसऱ्या कारकिर्दीत इनिएस्टा व वाल्देस (२००२) यांना पहिली संधी त्यांनीच दिली, ही नोंद विसरली जाते. मेस्सीचे अधिकृत सामन्यातले पदार्पण फ्रँक रायकार्ड यांच्या काळात, १६ ऑक्टोबर २००४ रोजी एस्पान्योलविरुद्ध झाले.

स्पेनमधल्या रचनेचा एक मोठा फायदा इथे सांगायला हवा. तिथे क्लबचा राखीव संघ बाकीच्या क्लबांच्याच लीगमध्ये, खालच्या श्रेणीत खेळतो. फक्त मुख्य संघाच्या श्रेणीत त्याला जाता येत नाही. त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना दर आठवड्याला पोट भरण्यासाठी खेळणाऱ्या प्रौढ खेळाडूंशी झुंजावे लागते. समवयस्कांच्या सामन्यांत हे शिक्षण मिळत नाही. २००७-०८ मध्ये गार्दिओला बार्सिलोनाच्या राखीव संघाचे प्रशिक्षक होते. तो संघ चौथ्या श्रेणीतून वर आला आणि पुढच्याच हंगामात मुख्य संघाची सूत्रे हाती घेताना त्यांनी सर्जिओ बुस्केट्स आणि पेद्रो यांना सोबत नेले.

त्यानंतरची चार वर्षे हा अकादमीचा सुवर्णकाळ. २००९ आणि २०११ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यांत बार्सिलोनाच्या पहिल्या अकरांत प्रत्येकी सात जण अकादमीतले होते. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनने सुरुवातीला उतरवलेल्या अकरांत पिके, पुयोल, बुस्केट्स, शावी, इनिएस्टा, पेद्रो हे सहा जण इथलेच. ११६ व्या मिनिटाचा विजयी गोल इनिएस्टाचा आणि त्याला पास देणारा बदली खेळाडू फाब्रेगासही इथलाच. त्याच वर्षीच्या बालोन द’ओर या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या अंतिम तिघांत मेस्सी, इनिएस्टा आणि शावी होते. २५ नोव्हेंबर २०१२ रोजी लेव्हान्तेविरुद्ध दानी आल्वेस जखमी होऊन बाहेर गेला, त्याच्या जागी मार्तिन मोन्तोया आला, आणि मैदानावरचे अकराच्या अकरा खेळाडू अकादमीत वाढलेले झाले. बार्सिलोनाने तो सामना ४-० असा जिंकला. वसतिगृह तोवर जुन्या घरातून हलले होते. २०११ मध्ये सांत जुआन देस्पी इथल्या सराव संकुलात नवी इमारत उभी राहिली आणि तिला तोर्त यांचे नाव दिले गेले.

याच यशाच्या पोटात चुकाही आहेत, आणि त्या झाकण्यासारख्या नाहीत. फाब्रेगास २००३ मध्ये सोळाव्या वर्षी आर्सेनलला गेला, पिके २००४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला. दोघांना परत आणायला क्लबला पैसे मोजावे लागले. जोर्दी आल्बाला तर लहान चणीमुळे क्लबनेच सोडले होते. व्हॅलेन्सियात नाव काढल्यावर त्याला २०१२ मध्ये १ कोटी ४० लाख युरो देऊन परत घ्यावे लागले. लहान चणीच्या मुलांवर विश्वास ठेवणारी म्हणून गाजलेली अकादमी उंचीच्याच मुद्द्यावर चुकली, यावरून किशोरवयातल्या शरीराचा अंदाज घेणे किती अवघड आहे ते कळते.

या अवघडपणाचा एक भाग जन्मतारखेशी जोडलेला आहे. स्पेनमध्ये वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला अशी दोन मुले एकाच गटात येतात, पण आठ-नऊ वर्षांच्या वयात त्यांच्यातले अकरा महिने म्हणजे उंची, ताकद आणि समज यांतला मोठा फरक असतो. पाहणाऱ्याला थोरले मूल गुणी वाटते, त्याची निवड होते, त्याला चांगला सराव मिळतो आणि फरक आणखी वाढतो. अकादम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे प्रमाण जास्त असते, हे अनेक देशांत दिसून आले आहे. इंग्लंडमध्ये काही अकादम्या यावर उपाय म्हणून वयाऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार मुलांचे गट पाडून सामने खेळवतात.

परदेशी मुलांच्या बाबतीत बार्सिलोनाला जागतिक संघटनेचा दणका बसला. अठरा वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली फिफाच्या नियमांनुसार मोजके अपवाद सोडता करता येत नाही. क्लबांनी मुलांना देशोदेशी उचलून न्यावे आणि जमले नाही की वाऱ्यावर सोडावे, हे थांबवण्यासाठी तो नियम आहे. एप्रिल २०१४ मध्ये फिफाने याच नियमाच्या भंगाबद्दल बार्सिलोनाला दोन बदली हंगामांत नवे खेळाडू नोंदवण्यास बंदी घातली आणि क्रीडा लवादाने ती कायम ठेवली. अकादमीतल्या काही मुलांनाही सामने खेळता येईनात. जपानचा ताकेफुसा कुबो २०१५ मध्ये मायदेशी परतला. क्लबची बाजू अशी होती की इथे मुलांचे शिक्षण आणि संगोपन उत्तम होते. ते खरेही होते, पण नियम एका चांगल्या वसतिगृहासाठी वाकवला तर वाईट हेतूच्या दलालांनाही तीच पळवाट मिळते.

घसरण मात्र या बंदीमुळे झाली नाही. २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या कुमारांनी युएफा युथ लीगचे पहिलेच विजेतेपद मिळवले. त्या संघातला एकही मुलगा पुढे मुख्य संघाचा दीर्घकाळ आधार झाला नाही. मुख्य संघात मोठी नावे खरेदी करण्याचा सपाटा चालू होता. २०१७ मध्ये नेमार २२ कोटी २० लाख युरोंना पॅरिसला गेला आणि तो पैसा देम्बेले व कुतिन्यो यांच्यासारख्या महागड्या खरेदीत गेला. एप्रिल २०१८ मध्ये सेल्टा विगोविरुद्ध सुरुवातीच्या अकरांत अकादमीतला एकही खेळाडू नव्हता. लेव्हान्तेविरुद्धच्या त्या रात्रीला तेव्हा सहा वर्षेही झाली नव्हती. मैदाने तीच, वसतिगृह अधिक चांगले, प्रशिक्षकही जाणते. खाली शिकवले जात होते, वर जागा नव्हती.

दार पुन्हा उघडले ते तिजोरी रिकामी झाल्यामुळे. ऑगस्ट २०२१ मध्ये वेतनमर्यादेमुळे मेस्सीलाही ठेवता आले नाही. त्या उन्हाळ्यात मोठ्या खरेदीचा प्रश्नच उरला नाही. त्याच महिन्यात सतरा वर्षांच्या गावीने पदार्पण केले. बाल्दे आला, मग फेर्मिन लोपेझ, पाउ कुबार्सी. मातारो शहराच्या रोकाफोंदा या कष्टकऱ्यांच्या वस्तीत वाढलेला लामिन यामाल २९ एप्रिल २०२३ रोजी अवघ्या १५ वर्षे २९० दिवसांचा असताना शावी प्रशिक्षक असलेल्या संघातून खेळला, आणि सतरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १४ जुलै २०२४ रोजी, स्पेनबरोबर युरो चषक जिंकला. क्लबने शहाणपणाने ठरवून केलेली ही गोष्ट नव्हती, हे मान्य करायला हवे. पण मुले तयार होती म्हणून ती निभावली. इतक्या लहान वयात इतके सामने खेळवण्याची किंमतही दिसते: नोव्हेंबर २०२३ मध्ये गावीच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि तो अनेक महिने बाहेर राहिला.

इतर क्लबांत आणि इतर देशांत मुले घडवण्याचे हेच काम वेगवेगळ्या कारणांनी झाले. बिल्बाओचा ॲथलेटिक क्लब बास्क प्रदेशाशी नाते असलेल्या खेळाडूंनाच घेतो, त्यामुळे १९७१ मध्ये सुरू झालेले लेझामा संकुल त्याच्या अस्तित्वाचाच आधार आहे. आयाक्स मुले घडवतो, खेळवतो आणि विकतो. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या त्याच्या संघाचा कर्णधार मथेयस डे लिख्ट एकोणीस वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी तो व फ्रेंकी डे योंग दोघेही विकले गेले. जर्मनीत २००० च्या युरो स्पर्धेतल्या नामुष्कीनंतर संघटनेने बुंडेसलिगाच्या परवान्यासाठी युवा केंद्राची अट घातली, आणि २०१४ चा विश्वचषक त्या केंद्रांत वाढलेल्या पिढीने आणला. इंग्लंडमध्ये २०१२ पासून अकादम्यांची चार श्रेणींत वर्गवारी झाली आणि मुलगा हलवताना द्यायची भरपाई ठरावीक दराने बांधली गेली. श्रीमंत क्लबांना ती व्यवस्था सोयीची ठरली, छोट्यांना जाचक. तयार मुले नाममात्र भरपाईत मोठ्या क्लबांकडे जाताहेत हे पाहून ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये आपली अकादमी बंदच केली. ती पुढे काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. फिफाचा एक नियम मात्र छोट्यांच्या बाजूचा आहे: आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतला ५ टक्के वाटा खेळाडूला १२ ते २३ वर्षांच्या वयात शिकवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो.

भारतात अकादमीचा इतिहास क्लबांपेक्षा उद्योगसमूहांशी जोडलेला आहे. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ ची, गोव्यातली सेसा अकादमी १९९९ ची. जमशेदपूरला इंडियन सुपर लीगमधला संघ मिळाला तो २०१७ मध्ये. पुणे एफसीने क्लब म्हणून अकादमी उभारली आणि केरळातल्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन तिथून राष्ट्रीय संघापर्यंत गेला. पण पुणे एफसीचा मुख्य संघ बंद पडला, अकादमी घेणारा एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये गुंडाळला गेला. दहा वर्षांनी फळ देणारे काम दोन-तीन हंगामांच्या हिशेबावर चालणाऱ्या मालकांच्या हाती असले, की पहिला फटका मुलांनाच बसतो.

गळणाऱ्या मुलांचा प्रश्न सगळीकडे सारखाच गंभीर आहे. आठव्या वर्षी मोठ्या क्लबचा गणवेश घातलेल्या मुलाची ओळखच ‘फुटबॉलपटू’ अशी होते, आणि सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी एका बैठकीत ती संपते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबने २०२२ मध्ये, बाहेर पडलेल्या अठरा ते तेवीस वर्षांच्या खेळाडूंना तीन वर्षे आधार देण्याची योजना जाहीर केली. अशा योजना अजून अपवाद आहेत. त्या परवान्याच्या अटींत यायला हव्यात.

मुलींसाठी ला मासियाचे वसतिगृह खुले झाले ते २०२१ मध्ये, म्हणजे मुलांनंतर तब्बल बेचाळीस वर्षांनी. त्याआधीही मुलींचे संघ होते, पण राहण्याची सोय नव्हती. आयताना बोनमाती किशोरवयात क्लबमध्ये आली तेव्हा वडिलांबरोबर सार्वजनिक वाहनांनी रोज सरावाला ये-जा करत असे. बार्सिलोनाच्या महिला संघाला २०१५ मध्ये व्यावसायिक दर्जा मिळाला आणि त्याने २०२१, २०२३ व २०२४ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. बोनमातीने २०२३ चा विश्वचषक आणि त्यानंतर सलग तीन वर्षे बालोन द’ओर पटकावला. आता दूरच्या गावांतल्या मुलीही वसतिगृहात राहतात, शाळेत जातात आणि मुलांना जो सराव मिळतो तोच सराव करतात.